गाण्यागणिक आवाज का उडतो, आणि तो कसा बसवायचा

मंडळी, गणेशोत्सवात आपल्या इंदूरच्या कुठल्याही मंडपात हे घडतं. जुनं नाट्यपद ऐकू येईना म्हणून कुणीतरी अँप्लिफायरचा नॉब वर नेतो. पुढचं गाणं नव्या सिनेमाचं निघतं, आणि पहिल्या रांगेतल्या आजी कानांवर हात ठेवतात. नॉबवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, दोन्ही फाइलींची पातळीच मुळात वेगळी आहे.

पहिला उपाय सगळे एकच करतात: प्रत्येक फाइलचं सर्वोच्च टोक, म्हणजे पीक, शंभर टक्क्यांपर्यंत नेतात. त्यानं काही साधत नाही. नव्या गाण्यात मास्टरिंगच्या, म्हणजे गाण्याला शेवटचा हात देण्याच्या, वेळीच टोकं दाबून मधला आवाज वर ओढलेला असतो. ख्यालात एखादी तबल्याची थाप टोकाला पोचते, बाकी गाणं पुष्कळ खाली असतं. पीक सारखं झालं, तरी कानाला फरक तेवढाच. मोजायचा तो कानाला जाणवणारा सरासरी आवाज.

त्यासाठी २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी रिप्लेगेन ही पद्धत मांडली. पुढे २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं बीएस.१७७० हे मापन आलं, आणि आजची बहुतेक साधनं तेच वापरतात. त्यात खर्ज कमी धरतात, वरच्या पट्टीला थोडं जास्त वजन देतात, आणि ४०० मिलिसेकंदांच्या तुकड्यांनी मोजतात. नंतरच्या आवृत्तीत गाळणीही आली: उणे ७० एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) खालचे तुकडे आणि सरासरीपेक्षा १० नं खालचे तुकडे हिशेबातून बाद होतात. म्हणून दोन सुरांमधली शांतता आकडा बिघडवत नाही.

आता हिशेब बघा. रिप्लेगेन २.० चं लक्ष्य उणे १८ एलयूएफएस. नवं गाणं उणे ८ वर असेल, तर त्याला १० डेसिबल कपात. जुना ख्याल उणे २० वर असेल, तर २ डेसिबल वाढ. पण त्या ख्यालाचं पीक फाइलच्या कमाल मर्यादेच्या फक्त १ डेसिबल खाली असेल, तर २ ची वाढ मावत नाही आणि आवाज फाटतो. म्हणून टॅगमध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या माहितीच्या नोंदीत, पीकही लिहिलेलं असतं. प्लेअरमध्ये क्लिपिंग (असं आवाज फाटणं) टाळण्याची खूण चालू ठेवा, मग वाढ १ वरच थांबते. ऑडिओला हात लागत नाही, आकडे फक्त टॅगमध्ये जातात.

फूबार२००० या प्लेअरमध्ये फाइली निवडून उजवी क्लिक, रिप्लेगेन, स्कॅन. व्हीएलसी स्वतः मोजत नाही, असलेला टॅग फक्त वाचतो. प्राधान्यांमध्ये सर्व सेटिंग्ज उघडून ऑडिओखाली रिप्लेगेनसाठी ट्रॅक (प्रत्येक फाइलला वेगळा आकडा) किंवा अल्बम (सगळ्यांना एकच आकडा) निवडावं लागतं. ज्या फाइलींना टॅगच नाही, त्यांना तो मुळात ७ डेसिबल कमी करतो. अर्धा संग्रह स्कॅन झालेला आणि अर्धा तसाच असेल, तर गोंधळ होतो तो इथे.

ट्रॅक की अल्बम, हा खरा प्रश्न. उस्ताद अमीर खाँ इंदूरचे, त्यांच्या अतिविलंबिताचंच उदाहरण घेऊ. विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइली आहेत. ट्रॅक पद्धतीत शांत विलंबित वर जातं, द्रुत खाली येतं, आणि सांध्यावर ४–५ डेसिबलची पायरी पडते. गायकानं चढवत नेलेला रंग प्लेअरनं पुसला! अल्बम पद्धतीत दोघांना एकच आकडा मिळतो आणि आतला चढउतार शाबूत राहतो. माझं मत स्पष्ट आहे: शास्त्रीय संगीताला अल्बम, मंडपातल्या मिसळीला ट्रॅक. मात्र सगळी गाणी एका फोल्डरात टाकून तो अख्खा फोल्डर एकच अल्बम म्हणून स्कॅन करू नका. सर्वांना एकच आकडा बसतो आणि काहीच सारखं होत नाही.

विंडोजमधलं लाउडनेस इक्वलायझेशन मैफिलीच्या रेकॉर्डिंगला लावू नका. ते चालू गाण्यातच आवाज वरखाली करतं: नुसता तानपुरा असताना तो फुगतो, गळा लागला की दबतो. रात्री हळू आवाजात सिनेमा पाहायला ठीक.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइलींत खरखर गाण्याबरोबरच वर चढते. सुरुवातीची आणि शेवटची नुसती खरखर कापून मगच स्कॅन करा.

टॅग लावल्यावर सगळंच हळू वाटतं, कारण नवी गाणी ८–१० डेसिबल उतरलेली असतात. अँप्लिफायर वाढवा, प्लेअरच्या सेटिंगमधला प्रीअँप नव्हे. प्रीअँप वाढवला की क्लिपिंगची भीती परत आली.

गाडीतला पेनड्राइव्हचा प्लेअर बहुधा टॅग वाचतच नाही. तिथे एमपी३गेन वापरा. ते एमपी३च्या प्रत्येक फ्रेममधला (छोट्या तुकड्यातला) गेनचा, म्हणजे आवाजाच्या वाढीचा, आकडाच बदलतं, पुन्हा एन्कोड करत नाही, आणि परत फिरवताही येतं. फक्त पायरी १.५ डेसिबलची, त्यामुळे पाऊण डेसिबलपर्यंत चूक राहते; कानाला ती सहसा कळत नाही. फ्लॅक किंवा वेव्ह फाइलींना ते चालत नाही. पेनड्राइव्हसाठी वेगळी प्रत काढूनच हा बदल करा, मूळ संग्रहाला टॅगच पुरे.