एका श्वासाची शिकार आणि दिवसभराचे मशीन

(पहाट. ओहोटी लागलेली. पुळणीवर टेकलेली पांढरी होडी. एक माणूस काचेची बरणी उजेडासमोर धरून पाहतो आहे.)

टाकीत पेट्रोल ओतण्याआधी हा माणूस कॅनच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढतो, बरणी पुळणीवर ठेवतो आणि पाच मिनिटे दुसरे काहीही करत नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड असते, त्यामुळे अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये दमट हवेने रात्रीतून पाणी धरले असेल, तर ते बरणीच्या तळाशी वेगळे होऊन दिसते. आज तळाशी दोन टपोरे थेंब आहेत. तेवढ्यावरून तो आख्खा कॅन बाजूला ठेवतो, दुसरा उघडतो, आणि निघायला अर्धा तास उशीर होतो. होडीत बसलेल्या पाहुण्यांच्या हातात भाले तयार आहेत आणि चेहऱ्यावर नाराजी आहे. त्याला त्याचे काही नाही.

आपण बहामाज देशातल्या एक्झुमा बेटांवर आहोत. सुमारे 365 लहान-मोठ्या बेटांची ही रांग दोन अगदी वेगळ्या समुद्रांच्या मधोमध उभी आहे. पश्चिमेला ग्रेट बहामा बँक हा पांढऱ्या वाळूचा उथळ समुद्र आहे, जिथे अनेक ठिकाणी माणूस कमरेएवढ्या पाण्यात लांबवर चालत जाऊ शकतो. पूर्वेला एक्झुमा साउंड आहे, ज्याचा तळ हजार मीटरहूनही खोल आहे. भरती-ओहोटीतला फरक इथे जेमतेम मीटरभराचा, पण बँकेवर पसरलेले एवढे मोठे पाणी बेटांमधल्या अरुंद खिंडींतून रोज आत येते आणि बाहेर पडते, त्यामुळे खिंडीतल्या ओढीपुढे चांगल्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असताना साउंडवरून पूर्वेचा वारा लाटा आत ढकलत असेल, तर खिंडीच्या तोंडाशी दोन्ही एकमेकांवर आदळतात आणि पाणी जागच्या जागी उभे राहते. इथले लोक त्या स्थितीला 'रेज' म्हणतात. प्रवाहाबरोबर खाद्य येते म्हणून मासे नेमके या खिंडींच्या आसपासच असतात, आणि होडीच्या मागे लावलेले मशीन, म्हणजे आउटबोर्ड इंजिन, बंद पडू नये अशी जागाही नेमकी हीच असते.

(होडी उथळ पाण्यातून निघते. तळाची वाळू स्वच्छ दिसते.)

भाल्याने मासे मारण्याबाबत बहामाजचे कायदे कडक आहेत, आणि ते तसे आहेत म्हणूनच इथल्या शिकारीला तिचे खास रूप आले आहे. घोडा दाबून भाला सोडणारी बंदूक या देशात चालत नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून मासे मारता येत नाहीत. बाहेरून आलेल्या होडीला मासेमारीचा परवाना काढावा लागतो. कौटुंबिक बेटे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दूरच्या बेटांच्या किनाऱ्यापासून 200 यार्डांच्या आत भाला वापरता येत नाही, आणि रांगेच्या उत्तर भागातल्या एक्झुमा सागरी उद्यानात, जे 1958 साली स्थापन झाले, 1986 पासून मासा, शेवंड (लॉब्स्टर), शंख यांपैकी काहीही उचलण्यास पूर्ण बंदी आहे. आपली होडी त्या उद्यानाच्या दक्षिणेला आहे.

मग हातात उरते ते 'हवाइयन स्लिंग'. लाकडाची किंवा प्लास्टिकची वीतभर लांबीची जाड नळी, तिच्या मागच्या टोकाला रबराचा फास, आणि नळीतून आरपार जाणारी पोलादी सळई. डाव्या मुठीत नळी धरायची, उजव्या हाताने सळईचे बूड रबरासकट मागे ओढायचे आणि सोडायचे. लहानपणी चिंचेच्या झाडाखाली बेचकी चालवलेल्या कोणालाही यातली गंमत समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की सळईला दोरी नसते. नेम चुकला तर ती वाळूत रुतते किंवा प्रवाळाच्या फटीत जाते, आणि ती काढून आणण्यासाठी नव्याने बुडी मारावी लागते. मासा फार तर दोन-तीन मीटरच्या अंतरात यावा लागतो, आणि तो तसा यावा यासाठी माणसाला तळाशी स्थिर पडून राहावे लागते, ते सगळे एका श्वासात.

दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत दबते. शरीराला तिथे प्राणवायू पुरेसा आहे असे वाटत राहते, कारण दाबामुळे तो रक्तात ढकलला जात असतो. परतीच्या वाटेवर दाब उतरू लागला की उरलेल्या थोड्या प्राणवायूचा जोरही त्याबरोबर उतरतो, आणि पृष्ठभागापासून शेवटच्या काही मीटरांत, कसलीही सूचना न मिळता, माणूस बेशुद्ध पडू शकतो. बुडीआधी भराभर खोल श्वास घेणाऱ्याला हा धोका अधिक असतो, कारण श्वासाची निकड कळवणारा कार्बन डायऑक्साइड तो आधीच बाहेर टाकून बसलेला असतो. म्हणून जाणकार जोडीने उतरतात: एक खाली, एक वर, आणि वरच्याची नजर खालच्यावर. खालचा वर आल्यानंतरही निदान अर्धा मिनिट ती नजर हलवायची नसते.

(पाण्याखाली. सळई सुटते. माशाची फडफड. दूरवर एक करडी आकृती वळते.)

मासा लागला की घड्याळ सुरू होते. जखमी माशाच्या फडफडीवर आणि रक्तावर शार्क येतात, आणि बहामाजमध्ये ते भरपूर आहेत. इथे 2011 पासून शार्कच्या व्यापारी मासेमारीला बंदी आहे. त्यामुळे शिकारी वर येताच सळईसकट मासा पाण्याबाहेर उंच धरतो आणि दुसऱ्या हाताने होडीला खूण करतो. होडी लगेच यावी लागते. आपल्याकडे ज्याला तांडेल म्हणतात तसा तो माणूस, म्हणजे पहाटेचा बरणीवाला, इतका वेळ होडी प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडून मशीन बंद ठेवून बसलेला असतो, कारण पाण्यात माणूस असताना जवळ फिरणारा मशीनचा पंखा शार्कहून वाईट. खूण दिसली की एका ओढीत मशीन सुरू, वीस हात पुढे, पुन्हा बंद, मासा होडीत. दिवसातून हे तीस-चाळीस वेळा घडते. सुरू होण्यासाठी चार ओढी घेणारे मशीन माणसाला बंदरातून बंदरात न्यायला पुरेसे असेल. या कामाला ते निरुपयोगी आहे.

या मशीनच्या मागून, पंख्याच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या छिद्रातून, पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडताना दिसते. तांडेलाचे लक्ष दर मिनिटाला तिच्याकडे जाते. मशीन थंड ठेवणारे पाणी समुद्रातूनच वर खेचले जाते आणि त्यातला थोडा भाग या धारेने बाहेर टाकून मशीन आपली खुशाली कळवते. धार जोमदार आणि कोमट असेल तर सर्व ठीक आहे. ती मंदावली तर आधी छिद्रात बारीक तार घालून पाहायची, कारण कित्येकदा आत मिठाचा खडा अडकलेला असतो. पाणी आत घेणाऱ्या जाळीला तरंगते सरगॅसम शेवाळ चिकटले असेल तर होडी थांबवून मशीन वर उचलायचे आणि ते हाताने काढायचे. दोन्ही करूनही धार सुधारली नाही, तर दोष पंपात आहे असे समजायचे.

(संध्याकाळ. होडीतून उतरवलेले मशीन लाकडी घोडीवर चढवलेले. जवळून: काळे, तेलकट हात.)

पंपाचे हृदय म्हणजे तळहातात मावणारे, सहा पाकळ्यांचे रबराचे चाक. खालचा दांड्याचा भाग सुटा करण्यासाठी बोल्ट काढावे लागतात, आणि समुद्राच्या पाण्यात वर्षभर राहिलेला बोल्ट सहज येत नाही; म्हणून हा माणूस दरवेळी बसवताना प्रत्येक बोल्टाला ग्रीस लावतो आणि त्याचे फळ पुढच्या वर्षी घेतो. खोके उघडल्यावर चाक दिसते. याच्या पाकळ्या शाबूत आहेत, पण सगळ्या एकाच दिशेला वाकलेल्या राहिल्या आहेत आणि बोटाने सरळ केल्या तरी हळूहळू परत वाकतात. उथळ बँकेवरून जाताना पंखा वाळू उधळतो, ती वाळू पाण्याबरोबर आत जाते आणि चाक ज्यात फिरते त्या पोलादी वाटीवर ओरखडे पाडते. बोटाचे नख फिरवले की ते जाणवतात. एखादी पाकळी तुटलेली निघाली असती तर नवे चाक बसवून भागले नसते. तुटलेला तुकडा वर कुठल्या तरी पाणवाटेत अडकलेला असतो, आणि तो सापडेपर्यंत मशीन तापतच राहते.

नवे चाक बसवताना तो दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत वाटी हळूहळू खाली दाबतो, म्हणजे पाकळ्या आपोआप योग्य बाजूला दुमडतात. उलट फिरवले तर त्या चुकीच्या बाजूला दुमडतात आणि पहिल्याच दिवशी त्यांची माती होते. कोरड्यात मशीन सुरू करून पाहण्याची हौस अशीच महागात पडते, कारण पाण्यावाचून हे रबर मिनिटभरातही जळू शकते.

बाकीची कामे त्या मानाने किरकोळ आहेत, पण सोडून चालत नाही. पंख्यामागे गुंडाळला गेलेला नायलॉनचा धागा तेलाची सील कापतो. गिअरचे तेल ताकासारखे पांढरट निघाले की पाणी आत शिरल्याचे कळते. मशीनवर जाणीवपूर्वक बसवलेला जस्ताचा ठोकळा खारे पाणी आधी खाते आणि त्यामुळे मशीनचे ॲल्युमिनियम वाचते. तो निम्मा झिजला की बदलायचा. जुन्या टू-स्ट्रोक मशीनला तेल पेट्रोलातच मिसळून द्यावे लागते, पन्नासास एक या प्रमाणात म्हणजे 20 लिटरला 400 मिलिलिटर, आणि इथे अंदाजाने ओतणारा माणूस स्वतःच्या खिशाला भोक पाडतो. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर बाहेरचे मशीन लावून होडी चालवणाऱ्याला यातले काहीही नवे वाटणार नाही. नवखे पाहुणे मात्र टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायला विसरतात, दहा मिनिटांनी मशीन धापा टाकत थांबते, आणि मग मशीनचे झाकण काढून तपासणी सुरू होते ती स्पार्क प्लगपासून.

गोड्या पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. रोज परतल्यावर मशीनमधून दहा मिनिटे गोडे पाणी फिरवावे, हे कोणीही सांगेल. पण या बेटांवर नद्या नाहीत, पिण्याचे पाणी समुद्राचेच गाळून किंवा पावसाचे साठवून मिळते, आणि ते दहा मिनिटे मशीनमध्ये सोडणे म्हणजे घरातल्या माणसांच्या वाट्याचे पाणी सोडणे. हा माणूस छपरावरचे पावसाचे पाणी पिंपात धरतो, मशीनचा खालचा भाग त्या पिंपात बुडवून ते चालवतो आणि तेच पाणी गढूळ होईपर्यंत आठवडाभर वापरतो. पुस्तकी पद्धतीत हे बसत नाही. त्याच्या मशीनला मात्र गंज नाही.

(जाळीच्या पिशवीतला दिवसाचा वाटा. वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, पसरट काट्यांचा मासा.)

आजच्या वाट्यात हॉगफिश आहेत, शेवंडी आहेत आणि चार लायनफिश आहेत. शेवंडीचा हंगाम 1 ऑगस्टला उघडतो आणि 31 मार्चला संपतो. नासाऊ ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकरूच्या कुळातला मासा, डिसेंबर ते फेब्रुवारी मारता येत नाही, कारण त्या महिन्यांत पौर्णिमेच्या सुमारास तो ठरावीक जागी थव्याने अंडी घालायला जमतो आणि एका भाल्याने तेव्हा सगळी वस्ती संपवता येते. लायनफिशला असे कोणतेच संरक्षण नाही. तो मुळात हिंदी आणि प्रशांत महासागरांचा रहिवासी, आपल्या बाजूचा म्हणायला हरकत नाही. 1985 साली तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला, 2004 पर्यंत बहामाजमध्ये पोहोचला, आणि इथल्या माशांची पिल्ले तो बिनबोभाट गिळतो, कारण त्यांना तो शत्रू म्हणून ओळखताच येत नाही. भाला जवळ आला तरी तो हलत नाही, त्यामुळे नवशिक्यांना आधी त्याच्यावरच नेम धरायला शिकवतात. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात. टोचले तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरणे हा पहिला उपाय. काटे कात्रीने कापून टाकले की आतले पांढरे मांस तळण्यासाठी उत्तम.

मासे साफ होईपर्यंत अंधार पडतो. मशीन पुन्हा होडीवर चढवलेले आहे, उचलून धरलेले, पंखा पाण्याबाहेर. पंपातून काढलेले जुने चाक त्याने कापडाने पुसले आहे आणि आता तो ते एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोन स्पार्क प्लग आणि पान्याच्या शेजारी, होडीच्या डब्यात ठेवतो. पाकळ्या वाकलेल्या असल्या तरी तुटलेल्या नाहीत. बाहेर कधी नवे चाक फुटले, तर हळू चालवून खिंड ओलांडण्यापुरते हे जुने चालेल.