उत्पल दत्त : पत्र्याची तलवार

मंडळी, आपल्यातल्या बहुतेकांची उत्पल दत्तांशी ओळख झाली ती मिशीमुळे. 'गोलमाल'मधले भवानीशंकर. ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, असं मानणारे शेठ. सिनेमा १९७९ चा. आमच्या पिढीनं तो दूरदर्शनवर इतक्या वेळा पाहिलाय, की तो लांबवलेला 'अच्छाऽऽ' घरात कुणीही काढायचं. आजही तुम्ही त्या 'अच्छा'साठीच आला असाल, तर माझी तक्रार नाही. फक्त एक लक्षात घ्या. त्या सिनेमात समोरासमोर उभे असलेले दोघंही मूळचे नाटकवाले. एक आपले अमोल पालेकर, नाट्यदिग्दर्शक सत्यदेव दुबेंच्या हाताखाली तयार झालेले. आणि दुसरे, कलकत्त्यात तोवर तीस वर्षं स्वतःची नाटकमंडळी चालवणारे, नाटकापायी तुरुंग पाहून आलेले नाटककार.

दत्तांचा जन्म १९२९ चा. शिक्षण कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये, विषय इंग्रजी, वेड शेक्सपिअरचं. जेफ्री केंडल, म्हणजे आपल्या शशी कपूरचे सासरे, यांची 'शेक्सपिअराना' नावाची फिरती कंपनी होती. त्यांनी या पोराला हेरलं आणि कंपनीत घेतलं. आपल्या जुन्या संगीत मंडळींसारखाच तो संसार. आज या गावी, उद्या त्या गावी, मिळेल त्या हॉलमध्ये नाटक उभं करायचं. दत्तांचा तो खणखणीत आवाज तिथं घडला. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा म्हणजे पोट आणि छाती दोन्ही लागतात, नुसता गळा पुरत नाही.

१९४९ मध्ये त्यांनी 'लिटल थिएटर ग्रुप' काढला. सुरुवात इंग्रजी नाटकांची. 'ज्युलिअस सीझर' आधुनिक, फॅसिस्ट गणवेशात केलं, त्याचं कौतुकही झालं. पण कौतुक करणारे कोण? कलकत्त्यातले मूठभर इंग्रजी शिकलेले लोक. गिरणीतला, गोदीतला माणूस त्या हॉलच्या पायरीलाही येणार नव्हता. दत्त बंगालीकडे वळले ते या अस्वस्थतेतून. मधे थोडा काळ 'इप्टा' या डाव्या नाट्यसंघटनेबरोबर रस्त्यावर नाटकं केली. मग १९५९ मध्ये मिनर्व्हा हे जुनं थिएटर चालवायला घेतलं आणि तिथं 'अंगार' आणलं. कोळसा खाणीतले मजूर, खाणीत शिरणारं पाणी. तापस सेनांची प्रकाशयोजना आणि रविशंकरांचं संगीत. पाण्याचा एक थेंबही नसताना रंगमंचावर माणसं बुडताना दिसायची.

आता त्यांचं 'कल्लोल' हे नाटक. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवणावरून संप पुकारला आणि बघता बघता तो बंड होऊन गोदीतल्या जहाजांवर पसरला. परळ-लालबागचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. अखेर पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून खलाशांनी शरणागती पत्करली. आज कुलाब्यात त्याचं स्मारक आहे. आपण तिथून शंभर वेळा जातो, थांबत नाही. आणि या प्रसंगावरचं एवढं मोठं नाटक लिहिलं गेलं ते कुठं, तर कलकत्त्यात, १९६५ साली!

मिनर्व्हाच्या रंगमंचावर अख्खं जहाज उभं केलं होतं. इतिहासात खलाशी शरण गेले, पण दत्तांच्या नाटकातलं 'खैबर' जहाज शरण जात नाही. इतिहास बदलला म्हणून टीका झाली. मला विचाराल, तर नाटककाराला तो हक्क आहे, फक्त त्यानं तो लपूनछपून वापरू नये. दत्तांनी तो उघड वापरला. काँग्रेस पुढाऱ्यांची भूमिका नाटकात झोडपलेली असल्यानं सत्ताधारी खवळले. बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी जाहिराती घेणं थांबवलं, तेव्हा शहरभर भित्तिपत्रकं लागली, 'कल्लोल चालू आहे, चालू राहणार.' त्याच वर्षी दत्तांना खटल्याविना कैद झाली. कित्येक महिने ते आत होते, आणि मिनर्व्हात पडदा वर जात होता.

एवढ्यावर थांबलो तर त्यांचा पुतळा होईल. तो मला करायचा नाही. १९६७ मध्ये नक्षलबारीच्या शेतकरी उठावावर 'तीर' हे नाटक लिहिल्यावर त्यांच्यामागे पुन्हा पोलीस लागले. ते पकडले गेले मुंबईत, एका परदेशी दिग्दर्शकाच्या सिनेमाचं चित्रीकरण चालू असताना. आणि राजकारणापासून दूर राहण्याची हमी लिहून देऊन ते सुटले. साथीदारांना ते लागलं. पुढं 'लिटल थिएटर ग्रुप'ही राहिला नाही.

पण माणूस बसून राहिला नाही. ते जात्रेकडे, म्हणजे बंगालच्या लोकनाट्याकडे वळले. आपल्या दशावतारासारखाच मोकळ्यावरचा खेळ, प्रेक्षक सगळीकडून जवळ बसलेले, हजारोंच्या संख्येनं. त्यासाठी लिहायचं तर वाक्य ठसठशीत हवं, कुजबुज चालत नाही. १९६९ मध्ये मृणाल सेनांचा 'भुवन शोम' आला, अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि हिंदी सिनेमाची दारं उघडली. खलनायक, सासरे, शेठ, जे येईल ते केलं. त्या कमाईवर नाटक चालायचं. म्हणजे आपण ज्या मिशीला हसलो, तिनं बंगाली रंगमंचाचं भाडं भरलंय!

आणि १९७१ मध्ये नव्या 'पीपल्स लिटल थिएटर'कडून आलं 'टिनेर तलवार', पत्र्याची तलवार. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं नाटक. काळ १८७६ चा, नाट्यप्रयोग नियंत्रण कायद्याचा. याच कायद्याखाली पुढं आपल्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली. नायक बेणीमाधव, नाटक कंपनीचा मालक, नट, बेवडा, भला आणि लबाड. ही भूमिका दत्त स्वतः करत. सुरुवातीलाच रात्रीच्या रस्त्यावर गटारातून वर आलेला सफाई कामगार त्याच्या अंगावर घाण उडवतो. बेणीमाधव आपला मोठेपणा सांगू लागतो. त्या माणसाला त्याचं काहीच वाटत नाही, तुमच्या झगमगीत राजेरजवाड्यांशी त्याचा संबंध काय? पुढं हाच बेणीमाधव स्वतःचं थिएटर मिळावं म्हणून, भाजी विकणारीतून घडवलेली आपली नटी एका धनिकाच्या हवाली करतो. हे लिहिताना दत्तांना ती हमीवरची सही आठवली असेल का? मला तरी तो प्रसंग वाचताना दर वेळी ती आठवते.

शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकांत गोरा अधिकारी बसलाय. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बंडखोर तितुमीरवरचं नाटक गुंडाळून ठेवून बेणीमाधवनं एक निरुपद्रवी प्रहसन लावलंय, स्वतः दारुड्याचं काम करतोय. लोक हसताहेत. आणि मध्येच त्याच्या तोंडून प्रहसनाऐवजी तितुमीरचे संवाद सुरू होतात. बाकीचे नट क्षणभर गोंधळतात, मग एकेक जण आपापली पत्र्याची तलवार उचलतो.