पेटीखाली काहीच नसतं: टर्मिनलमधल्या एकावर एक विंडो

(दृश्य: काळा पडदा, फाइलींची यादी. एक कळ दाबताच मधोमध करडी पेटी उमटते: ‘ही फाइल पुसायची?’ ‘नाही’ म्हणताच पेटी नाहीशी होते. यादी जशीच्या तशी.)

पेटी आली, पेटी गेली. डोळ्यांना वाटतं, पेटी उचलली आणि खालची यादी उघडी पडली.

पण त्या पेटीखाली काहीही नव्हतं. टर्मिनल म्हणजे नुसत्या अक्षरांचा, चौकोनी घरांत आखलेला पडदा. त्याच्या एका घरात एका वेळी एकच अक्षर राहतं. पेटीची कड जिथे आली, तिथलं फाइलीचं नाव फळ्यावरून पुसावं तसं गेलं. ते परत दिसलं, कारण प्रोग्रामने ते पुन्हा लिहिलं. लिहिता आलं, कारण ते त्याने लक्षात ठेवलं होतं.

(दृश्य: जुनं टर्मिनल, हिरवी अक्षरं.)

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी१०० हे टर्मिनल १९७८ साली आलं. आजच्या संगणकावर आपण जे टर्मिनल उघडतो, ते आतून अजूनही बव्हंशी त्याच्याच आज्ञा पाळतं. ८० रकाने, २४ ओळी, म्हणजे १,९२० घरं. आज्ञा साध्या: कर्सर अमुक ओळीत, अमुक रकान्यात ने. हे अक्षर उमटव. आता ठळक लिही. इथून ओळीच्या टोकापर्यंत पूस. ‘ही पेटी वर, ती खाली’ अशी आज्ञा त्यांत नाही. बऱ्याच टर्मिनलांना दुसरा, पर्यायी पडदा असतो खरा. संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, बंद केला की आधीचं सगळं परत दिसतं ते त्याच्यामुळे. पण तो अख्खाच्या अख्खा बदलतो. कोपऱ्यातल्या एका पेटीसाठी तो कामाचा नाही.

मग दर वेळी सगळा पडदाच नव्याने का लिहू नये? आज चालून जाईल. तेव्हा टर्मिनल आणि संगणक यांच्यामध्ये तार होती, आणि १,२०० बॉडच्या (बॉड हे तारेच्या वेगाचं माप) तारेवरून सेकंदाला जेमतेम १२० अक्षरं जायची. पूर्ण पडदा भरायला १६ सेकंद. ९,६०० बॉडला दोन सेकंद. एका ‘हो-नाही’च्या प्रश्नासाठी दोन सेकंदसुद्धा फार झाले.

या अडचणीतून कर्सेस नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार फंक्शनांचा संच, आली. १९८० च्या सुमारास बर्कली विद्यापीठात केन अर्नोल्डने ती लिहिली. कर्सर कमीत कमी हालचालीत इकडून तिकडे नेण्याचं तंत्र बिल जॉयच्या व्हीआय संपादकातून घेतलं. ‘रोग’ (Rogue) हा भुयारांचा खेळ तिच्यावरच उभा राहिला.

कर्सेसची युक्ती अशी. ती स्मृतीत पडद्याची दोन चित्रं ठेवते. एक, आत्ता टर्मिनलवर जे आहे ते. दुसरं, जे असायला हवं ते. प्रोग्राम जे काही लिहितो ते आधी दुसऱ्या चित्रात जातं. मग डू-अपडेट हे फंक्शन दोन्ही चित्रं घराघराने ताडून पाहतं आणि फरक असलेली घरंच तारेवर पाठवतं. चाळीस वर्षं उलटली, तारा गेल्या, तरी या कल्पनेला हात लावावासा कोणाला वाटलेला नाही.

(दृश्य: दोन पेट्या, एकमेकींवर अर्ध्या चढलेल्या. खालच्या पेटीत घड्याळ.)

मात्र कर्सेसमधल्या विंडो एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्येक विंडो म्हणजे अक्षरांचा एक आयत आणि त्याची जागा, बस्स. आपल्यावर कोणी बसलंय का, हे ती विचारत नाही. समजा, खालच्या विंडोत घड्याळ चाललंय आणि त्यावर एक प्रश्न उघडलाय. दर सेकंदाला घड्याळ डब्ल्यू-रिफ्रेश करतं, म्हणजे आपला बदल पडद्यावर पाठवतं, आणि सेकंदाचा आकडा प्रश्नाच्या मजकुरातून आरपार वर येतो. लायब्ररीच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नसतं. जो शेवटी लिहील तो वर, एवढाच तिचा नियम.

उलट बाजूलाही तेच. वरची विंडो डेल-विनने नष्ट केली, तरी तिची अक्षरं पडद्यावर तशीच राहतात. खालच्या विंडोला वाटतं, माझ्यात तर काही बदललं नाही, मग पाठवू कशाला? तिला टच-विनने मुद्दाम सांगावं लागतं: तुझी प्रत्येक ओळ बदललीय असं समज, आणि पुन्हा लिही. दोन विंडो असतील तर हे हाताने जमतं. सहा झाल्या की कोणाला कधी टच करायचं याचा हिशेब ठेवणं हाच मुख्य प्रोग्राम होऊन बसतो.

तो हिशेब पॅनल लायब्ररीने अंगावर घेतला. ती युनिक्स या कार्यप्रणालीच्या सिस्टिम फाइव्ह आवृत्तीतल्या कर्सेससोबत आली. आज लिनक्सवर कर्सेसचाच नवा अवतार असलेली जी एनकर्सेस वापरली जाते, तिच्यातली पॅनल लायब्ररी मुळात वॉरन टकरने लिहिली. त्याला यू३८६मॉन हा आपला प्रोग्राम अशा यंत्रणांवर न्यायचा होता, जिथे पॅनल उपलब्धच नव्हते.

पॅनल म्हणजे विंडो, अधिक चळतीतली तिची जागा. टॉप-पॅनल म्हटलं की ती चळतीच्या माथ्यावर जाते, बॉटम-पॅनलने तळाशी, हाइड-पॅनलने चळतीतून बाहेर, पण मजकूर शाबूत. तळाच्याही तळाशी मूळ पडदा, म्हणजे स्टँडर्ड स्क्रीन, कायम अंथरलेला. अपडेट-पॅनल्स म्हटलं की तळापासून माथ्यापर्यंत एकेक पॅनल स्मृतीतल्या दुसऱ्या चित्रावर क्रमाने उतरवला जातो. एकाच घरात चार-चार वेळा लिहिलं गेलं तरी बिघडत नाही, कारण हे सगळं स्मृतीत चाललंय. टर्मिनलकडे जातं ते शेवटी उरलेलं अक्षर, तेही बदललं असेल तरच. मला ही मांडणी फार देखणी वाटते.

(दृश्य: निळा पडदा, राखाडी विंडो, काळी सावली.)

पीसीवर वेगळीच सोय होती. तिथे तार नव्हतीच. अक्षरं थेट व्हिडिओ मेमरीत लिहिता येत. ८० रकाने, २५ ओळी, दर घराला एक बाइट अक्षराचा आणि एक रंगाचा: एकूण ४,००० बाइट. बोरलँड कंपनीचा साइडकिक हा प्रोग्राम १९८४ मध्ये आला. तो कुठल्याही प्रोग्रामच्या डोक्यावर उघडायचा, आणि मिटताना खालचं होतं तसं परत ठेवायचा. असं करण्याचा सरळ मार्ग म्हणजे झाकल्या जाणाऱ्या घरांची नक्कल आधी बाजूला काढून ठेवणं. मार्ग सोपा, पण अट कडक. शेवटी उघडलेली पेटी आधी मिटली पाहिजे, आणि मधल्या काळात खाली काही बदलता कामा नये. नाहीतर परत ठेवलेली नक्कल शिळी निघते.

त्याच बोरलँडच्या १९९० च्या टर्बो व्हिजन या लायब्ररीत विंडोंना वर-खाली क्रम होता आणि सावलीही होती. सावली उजवीकडे दोन रकाने, खाली एकच ओळ. कारण अक्षराचं घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतं. दोन्हीकडे एकेकच दिलं असतं तर उजवीकडची सावली बारीक दिसली असती.

आता काही खाचखळगे. गेट-सीएच हे कळ वाचणारं फंक्शन. त्याचं काम वाचण्याचं, पण मूळ पडद्यात काही बदललेलं असेल तर ते जाता जाता तो ताजा करून टाकतं, तोही पॅनलच्या चळतीला न विचारता. नवशिक्याने अर्धी रात्र घालवावी असा हा दोष. कळ मूळ पडद्यावरून न वाचता माथ्यावरच्या पॅनलच्या विंडोवरून वाचायची, म्हणजे तो टळतो. पॅनल सरकवायचा तर मूव्ह-पॅनलनेच. खालची विंडो परस्पर हलवली तर चळतीला पत्ता लागत नाही. आणि अर्धी विंडो पडद्याबाहेर सरकवणं तर कर्सेस मान्यच करत नाही. पायथन या भाषेत पॅनल बनवला आणि त्याचा संदर्भ कुठल्या चलात धरून ठेवला नाही, तर पायथन तो कचरा समजून उचलतो आणि पॅनल चळतीतून गुपचूप गायब होतो.

(दृश्य: पेटीत चिनी मजकूर, मग देवनागरी. एका ओळीत उजवी कड सरकलेली.)

चिनी अक्षर दोन घरं घेतं. पेटीची कड नेमकी त्याच्या मधून गेली, तर अर्धं अक्षर दाखवता येत नाही. उरलेलं घर मोकळं सोडावं लागतं. देवनागरीचं दुखणं याहून अवघड. काही मात्रांना वेगळं घर नाही, काहींना एक घर मोजलं जातं, जोडाक्षरांचं तर विचारूच नका. प्रोग्रामची मोजणी एक, टर्मिनलची दुसरी. मग त्या ओळीपुरती पेटीची कड वाकडी होते. हा गुंता पॅनलच्या आवाक्याबाहेरचा आहे.

(दृश्य: आजचा संपादक. कोडवर तरंगणारी सूचनांची यादी.)

बराच काळ टर्मिनलमधली मंडळी विंडो शेजारी-शेजारी मांडण्यातच समाधानी होती. मोठ्या कामाला मलाही तेच बरं वाटतं. झाकलेला मजकूर वाचता येत नाही, हे साधं सत्य आहे. पण क्षणभराच्या प्रश्नाला, सूचनेला, यादीला तरंगती पेटीच हवी. २०१९ मध्ये निओव्हिम या संपादकाच्या ०.४ आवृत्तीत तरंगत्या विंडो आल्या, त्याच वर्षी डिसेंबरात व्हिम या संपादकाच्या ८.२ आवृत्तीत पॉपअप. एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणाऱ्या टीमक्सने २०२१ मध्ये ३.२ या आवृत्तीत पॉपअप दिले, आणि मॅन्युअलमध्ये सरळ लिहून टाकलं की पॉपअप उघडा असताना खालचे भाग ताजे होणार नाहीत. घड्याळाच्या अडचणीवर हाही एक उपाय: घड्याळच थांबवायचं.

निओव्हिमने चळतीऐवजी क्रमांक वापरले. तरंगत्या विंडोला काही सांगितलं नाही तर ५०, अर्धा शब्द पुरा करून देणाऱ्या पूर्ततेच्या यादीला १००, संदेशांना २००. आपली विंडो त्या यादीच्या वर हवी असेल तर तिला शंभराच्या पुढचा आकडा द्यायचा. मात्र आकड्याने फक्त दिसणं ठरतं. टाइप केलेली कळ कोणाकडे जाणार, हे वेगळं सांगावं लागतं. फोकस न घेणारी म्हणून उघडलेली विंडो कितीही वर असली, तरी विंडो बदलण्याच्या नेहमीच्या कळांनी कर्सर तिच्यात शिरत नाही.