केवड्याची प्रथिनं आणि योगायोगाचा हिशोब

[दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग, ऑक्टोबर. पानावर तेलकट पिवळे डाग. पान उलटल्यावर खाली पांढरी वाढ.]

ऑक्टोबर छाटणी होते, नव्या फुटी निघतात आणि नेमका परतीचा पाऊस येतो. मग नाशिकचा बागायतदार बागेत गेल्या गेल्या पान उलटून बघतो. खाली पांढरं दिसलं की केवडा. बागेत याला डाऊनीही म्हणतात. रोगाचा कर्ता प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला. मूळचा उत्तर अमेरिकेचा, १८७८ मध्ये फ्रान्समध्ये आढळला, आणि त्याला आवरता आवरता बोर्डो मिश्रण वापरात आलं. आपण त्याला सर्रास बुरशी म्हणतो. खरं तर त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असतं आणि नात्याने तो तपकिरी शेवाळांना जवळचा आहे.

पानात शिरला की तो काही प्रथिनं बाहेर सोडतो. त्यातली काही थेट द्राक्षाच्या पेशीत जाऊन तिची संरक्षणव्यवस्था ढिली करतात. यांना इफेक्टर म्हणतात. प्रश्न असा, की हजारो प्रथिनांच्या यादीतून इफेक्टर ओळखायचे कसे?

[दृश्य : नाशिक, गंगापूर रोड. संगणकाच्या पडद्यावर अक्षरांच्या लांबच लांब ओळी.]

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, आणि प्रत्येक प्रकाराला एक अक्षर. २००५ मध्ये केवड्याच्या कुळातल्या मोजक्या इफेक्टरांच्या माळा शेजारी शेजारी मांडल्यावर एक खूण सगळ्यांत दिसली : आर, मग कोणतंही एक अक्षर, मग एल, मग पुन्हा आर. म्हणजे आर्जिनिन, काहीही, ल्युसिन, आर्जिनिन. बटाट्यावर करपा आणणाऱ्या, याच कुळातल्या जिवाचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात या खुणेची ५६३ जनुकं मोजली गेली.

तेव्हा काम सोपं वाटतं. यादी उतरवून घ्या, खूण शोधा, सापडलेली प्रथिनं वेगळी काढा. इथेच बहुतेकांची फसगत होते.

[दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर गुणाकार हळूहळू उमटतो.]

स्विस-प्रॉट या तपासलेल्या प्रथिनसंग्रहात आर्जिनिनचं प्रमाण सुमारे ५.५ टक्के आणि ल्युसिनचं ९.७ टक्के आहे. ०.०५५ गुणिले ०.०९७ गुणिले ०.०५५. उत्तर येतं लाखात साधारण ३०. फारच कमी वाटतं ना? पण ३०० अक्षरांच्या प्रथिनात ही खूण सुरू होऊ शकेल अशा २९७ जागा असतात. त्यामुळे दर बारा प्रथिनांमागे एकात ती निव्वळ योगायोगाने सापडणारच. बारा हजार प्रथिनांची यादी असेल तर हजारभर नावं अशीच हाती येतील, आणि त्यांचा केवड्याच्या हल्ल्याशी काडीचाही संबंध नसेल.

म्हणून शोध अरुंद करायचा. इफेक्टर पेशीबाहेर जायचा असतो, तेव्हा त्याच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड, म्हणजे बाहेरचा पत्ता सांगणारा छोटा तुकडा, हवं. सिग्नल-पी सारख्या प्रोग्रामने ते तपासायचं. पेशीपटलात अडकणारी प्रथिनं वगळायची. आणि खूण तिसाव्या ते साठाव्या अक्षरादरम्यानच सुरू झाली पाहिजे, अशी अट घालायची. आता जागा उरल्या ३१. हजार प्रथिनांमागे योगायोगाची अपेक्षा नऊ. समजा, प्रत्यक्षात ६० सापडली. मग त्यातली नऊएक खोटी असतील हे धरून पुढे जाता येतं. ५१ खरी कोणती आणि नऊ खोटी कोणती, हे मात्र हा आकडा सांगत नाही.

[दृश्य : प्रथिनांच्या माळांची यादी असलेली फास्टा फाइल. काही ओळी लाल होतात.]

हे सगळं करण्याआधी यादी साफ करावी लागते. कामाचा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि तोच टाळला जातो. माळ एम म्हणजे मेथिओनिनने सुरू होत नसेल, तर बहुधा जनुकाची सुरुवात अर्धवट वाचली गेली आहे. सिग्नल पेप्टाइड कापलं गेलं, पुढच्या सगळ्या जागा सरकल्या, आणि तिसाव्या-साठाव्या अक्षराच्या अटीला काही अर्थ उरला नाही. अशी प्रथिनं बाजूला काढून ठेवा. दुसरं, जवळजवळ सारख्या माळा. एकाच जनुकाच्या पाच प्रती यादीत असतील तर एक पुरावा पाच वेळा मोजला जातो. सीडी-हिट या प्रोग्रामने ९० टक्के साम्यावर गट पाडून प्रत्येक गटातलं एकच प्रथिन ठेवावं.

[दृश्य : एका माळेतली अक्षरं पुन्हा पुन्हा जागा बदलतात.]

आता मुख्य चाचणी. टक्केवारीचा गुणाकार हा ढोबळ अंदाज. खरी पार्श्वभूमी आपल्याच यादीतून काढायची. पत्ते पिसावेत तशी प्रत्येक प्रथिनाची अक्षरं पिसायची. अक्षरं तीच, क्रम वेगळा. असं हजार वेळा करायचं आणि दर वेळी खूण असलेली प्रथिनं मोजायची. पिसलेल्या यादीत मूळ यादीइतकी किंवा जास्त किती वेळा सापडली, त्यात एक मिळवायचा, १००१ ने भागायचं. हे झालं पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने इतकी सापडण्याची शक्यता.

पिसताना सिग्नल पेप्टाइड आधी कापून ठेवायचं. त्यात ल्युसिन ठासून भरलेलं असतं. अख्खी माळ एकत्र पिसली तर तो ल्युसिन सगळीकडे पसरतो, योगायोगाचा आकडा फुगतो आणि खरी खूणही साधारण वाटू लागते.

दुसरी अडचण शोधाच्या आज्ञेत दडलेली असते. आर-क्ष-एल-आर-क्ष-एल-आर (क्ष म्हणजे कोणतंही अक्षर) अशा माळेत दोन खुणा आहेत आणि मधला आर दोघींच्या वाट्याचा. साधी शोधआज्ञा पहिली पकडून पुढे निघून जाते. लुकअहेड, म्हणजे अक्षरं न खर्चता पुढे डोकावायची सोय, वापरला तर दोन्ही मिळतात. खुणा मोजण्यापेक्षा खूण असलेली प्रथिनं मोजली तर हा घोळच राहत नाही.

आणि एकच खूण न तपासता सगळ्याच खुणा धुंडाळल्या तर? तीन ठरलेली अक्षरं आणि मध्ये एक मोकळी जागा, अशा खुणा होतात २० चा घन, म्हणजे ८०००. पी-मूल्याला ०.०५ ची मर्यादा ठेवली तर त्यातल्या ४०० योगायोगानेच पास होतील. बॉनफेरोनी पद्धतीत मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागतात. ०.०५ ला ८००० ने भागलं की मर्यादा येते ०.०००००६२५ वर, म्हणजे दहा लाखात सहा-सव्वासहा. हजार वेळा पिसून मिळणारं सर्वात लहान पी-मूल्य हजारात एक. म्हणजे कितीही ठळक खूण असली तरी ती या चाचणीत पास होऊच शकत नाही! किमान १ लाख ६० हजार वेळा पिसावं लागेल, नाहीतर सरळ पॉइसाँ वितरण, म्हणजे दुर्मीळ घटनांच्या मोजणीचं सूत्र, वापरावं.

[दृश्य : काकडीचं पान, त्यावरही केवडा.]

खूण काटेकोर धरल्याचाही तोटा आहे. काकडीवरच्या केवड्यात पहिल्या आरच्या जागी क्यू म्हणजे ग्लुटामिन असलेली प्रथिनं आहेत. तिथे प्रत्येक जागी कोणत्या अक्षराची किती शक्यता, हे सांभाळणारं हिडन मार्कोव्ह प्रारूप जास्त उपयोगी पडतं.

[दृश्य : त्रिमितीय प्रथिन, सर्पिल नळ्यांची जुडी हळूहळू फिरते.]

आता घडी, म्हणजे माळ दुमडून होणारा त्रिमितीय आकार. या इफेक्टरांपैकी बऱ्याच जणांच्या माळा एकमेकांशी फारशा जुळत नाहीत, तरी घडी एकच निघते : अल्फा हेलिक्सची, म्हणजे सर्पिल वेढ्यांची, छोटी जुडी आणि आत रुतलेली ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं. ट्रिप्टोफॅनचं एकूण प्रमाण जेमतेम १.१ टक्के, त्यामुळे तो ठराविक जागी पुन्हा पुन्हा दिसणं हे ल्युसिन दिसण्यापेक्षा कितीतरी वजनदार.

हेलिक्सचा माग साध्या माळेतही लागतो. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे दर अक्षरामागे १०० अंशांचं वळण. म्हणून एक बाजू जुडीच्या आत तोंड करून असेल तर पाणी टाळणारी अक्षरं दर तीन-चार जागांनी येतात. काइट-डूलिटल यांच्या १९८२ च्या, पाणी टाळण्याच्या मापाने प्रत्येक अक्षराला आकडा द्यायचा, १०० अंशांनी फिरवत सदिश बेरीज करायची. सलग १८ अक्षरांची खिडकी घेतली तर बरोबर पाच वेढे पूर्ण होतात आणि सगळीकडे सारखाच आकडा असलेल्या सपाट माळेची बेरीज शून्य येते. ११ ची घेतली तर थोडं शिल्लक उरतं, तेव्हा आधी सरासरी वजा करावी. बेरीज मोठी आली तरी खिडकीत मध्येच प्रोलिन आहे का ते बघावं. तो हेलिक्स मोडतो.

माळेवरून घडीचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड प्रोग्रामचा आराखडा हाताशी असेल तर पीएलडीडीटी गुण, म्हणजे त्या अंदाजाचा शंभरपैकी भरवसा, पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ७० च्या खालच्या भागावर घडीचं विधान करता येत नाही, आणि आर-क्ष-एल-आर असलेला सुरुवातीचा भाग बहुधा तिथेच पडतो. उरलेल्या भागासाठी माळेच्या कण्यातल्या वळणांचे दोन कोन मांडणारा जी. एन. रामचंद्रन यांचा १९६३ चा आलेख आजही चालतो : हेलिक्सचे बिंदू उणे ६० आणि उणे ४५ अंशांच्या आसपास गोळा व्हायला हवेत.

खूण योगायोगाची नाही एवढंच या आकड्यांतून कळतं. ती काय करते ते नाही. बटाटा करप्याच्या एव्हीआर-३-ए प्रथिनात खुणेचा हा तुकडा बाहेर पडण्याआधीच कापला जातो, असं २०१७ मध्ये दिसलं. पेशीत शिरायची किल्ली म्हणून त्याची ओळख तोवर रूढ झाली होती.

[दृश्य : पडद्यावर तक्ता, एकेक स्तंभ भरत जातो.]

शेवटच्या तक्त्यात प्रत्येक प्रथिनापुढे सिग्नल पेप्टाइडचा गुण, खुणेची जागा, घडीचा पीएलडीडीटी आणि संसर्गाच्या काळात ते जनुक चालू असतं का, हे चार स्तंभ हवेत. चौथा स्तंभ कोरा असेल तर ते नाव प्रयोगासाठी पाठवू नका.