पिशवीतली गाठ आणि पोटावरची चरबी

(पडद्यावर सोनोग्राफी. करड्या रंगात एक गोल, काळसर सावली.)

46 बाय 41 मिलिमीटर. रिपोर्टात हिला फायब्रॉइड म्हटलंय. घरी गेल्यावर बाई एवढंच सांगेल, "पिशवीत गाठ निघालीय. म्हणून अंगावरून इतकं जात होतं." कॅन्सर तर नाही ना, हा प्रश्न ती मनातच ठेवेल. तसा तो जवळजवळ कधीच नसतो. गर्भाशयाच्या स्नायूतली एक पेशी वाट चुकते आणि वाढत सुटते. हा सगळा गोळा त्या एकीचाच वंश. हे 1965 सालीच कळलं होतं.

गाठीला पोसतात ती इस्ट्रोजन आणि प्रोजेस्टेरॉन ही बाईच्या शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स. म्हणूनच पाळी गेली की बहुतेक गाठी आकसतात. इस्ट्रोजन म्हटलं की बोट जातं अंडाशयाकडे. पण ते तयार करणारी दुसरीही एक जागा आहे.

(सूक्ष्मदर्शकाखाली चरबीच्या पेशी, साबणाच्या फेसासारख्या.)

या फेसात अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. अंडाशयातून आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून आलेल्या पुरुषी संप्रेरकांचं ते इस्ट्रोजन करतं. चरबी वाढली की हा कारखानाही वाढतो. त्यात रक्तातलं इन्शुलिन चढलं, की इस्ट्रोजनला बांधून ठेवणारं प्रथिन यकृत कमी बनवतं. मग मोकळं फिरणारं इस्ट्रोजन आणखी वाढतं.

(न्यूयॉर्क, रॉकफेलर विद्यापीठ. पिंजऱ्यात एक गलेलठ्ठ उंदीर.)

चरबी म्हणजे नुसतं कोठार, ही समजूत 1994 मध्ये या उंदरानं मोडली. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्याच्यातलं बिघडलेलं जनुक सापडलं आणि त्यातून लेप्टिन हे चरबीत तयार होणारं संप्रेरक हाती लागलं. चरबीच मेंदूला निरोप धाडते : साठा पुरेसा आहे, आता बास. लेप्टोस म्हणजे ग्रीकमध्ये सडपातळ. नाव सडपातळ, पण ज्याच्या अंगावर चरबी जास्त त्याच्या रक्तात हेही जास्त! प्रयोगशाळेत फायब्रॉइडच्या पेशींना लेप्टिन दिलं, तर त्यांच्या वाढीला जोर येतो. चरबीचंच दुसरं संप्रेरक, अडिपोनेक्टिन, इन्शुलिनचं काम सुकर करतं, दाह शमवतं. चरबी वाढते तसं नेमकं तेच घटतं.

इथवर गोष्ट सरळ वाटते. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे बाई नव्हे. अमेरिकेत 1995 पासून सुमारे 59,000 कृष्णवर्णीय स्त्रियांचा पाठपुरावा चालला. तिथं वजन आणि फायब्रॉइडचा धोका सरळ रेषेत चढला नाही. सडपातळ बायकांनाही गाठी होतात. आणि वजन उतरलं म्हणून असलेली गाठ विरघळते, याला भक्कम पुरावा नाही. "आधी वजन कमी करा" एवढं सांगून दाराबाहेर काढणं म्हणजे उपचार नव्हे.

(दोन पुरुषांचं छायाचित्र, शेजारी शेजारी.)

शिवाय वजनाचा काटा फसवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या दोघा संशोधकांनी स्वतःचीच मापं छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. ही मापं पुरुषांची आहेत, फायब्रॉइडची नाहीत. पण अंगकाठी बारीक आणि आत चरबी, ही आपल्याकडची ठेवण बायकांतही आहे.

(पुन्हा तोच रिपोर्ट. कॅमेरा सावकाश ओळींवरून सरकतो.)

गाठीचं माप मिलिमीटरपर्यंत आहे. वजन एका कोपऱ्यात, पेनानं. कमरेचं माप घेतलेलंच नाही.