आधी ट्रॉली, मग जेसीबी

नमस्कार, श्रोतेहो.

पाटण खोऱ्यातल्या आमच्या गावातून मी सव्वीस वर्षं झाडतोडीची आणि मातीकामाची लहान कामं घेतोय. एक ट्रॅक्टर, एक दोनचाकी ट्रॉली, दोन चेनसॉ आणि गेली काही वर्षं एक जुना जेसीबी, एवढ्यावर माझं आणि आणखी पाच जणांचं घर चालतं. धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या पोरांनी कोणतं मशीन घ्यावं, यावर बोला, असं आकाशवाणीवरून सांगितलं. मी म्हटलं, बोलतो, पण सुरुवात ट्रॉलीपासून करीन.

कारण आपल्याकडे मशीन हप्त्यावर येतं, त्याला हार घालतात, पेढे वाटतात. आणि ट्रॉली? ती कुणाची तरी जुनी, फळ्या गंजलेल्या, टायर गुळगुळीत झालेले, मिळेल त्या भावात घेतलेली. ज्या जेसीबीचं नाव आपण पिवळ्या रंगाच्या प्रत्येक खोदयंत्राला देतो, त्याचा जन्मही ट्रॉलीतूनच झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. 1945 साली इंग्लंडात युटॉक्सिटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी भाड्याच्या लहानशा गॅरेजमध्ये युद्धातल्या उरल्यासुरल्या सामानातून पहिली वस्तू बनवली, ती होती मागं कलंडणारी ट्रॉली. मागं खोदणारं आणि पुढं माती भरणारं यंत्र आलं ते नंतर, 1953 साली.

आता हिशोब बघा. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल शेततळं, बाजूंना एकास एक उतार. त्यातून 2196 घनमीटर माती निघते. आपल्या भाषेत सुमारे 775 ब्रास, ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आणि खणलेली माती फुगते, पाव पटीनं धरा, म्हणजे हजाराच्या जवळ जाते. बरीच माती बांधावरच पडते, हे खरं. पण पाव हिस्सा जरी दुसऱ्या रानात न्यायचा झाला, तरी ब्रासभराच्या सुमारे 240 खेपा. ओला मुरूम असेल तर एका ब्रासचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं. ओढणारा ट्रॅक्टर दोन टनांचा. रिकामी ट्रॉली धरली, तर मागचं ओझं पुढच्याच्या तिप्पट होतं.

सपाटीवर हे चालून जातं. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलायला लागते. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थांबतो, ट्रॉली थांबत नाही. मग ती बाजूनं वळसा घालून पुढं येऊ बघते आणि दोन्ही बिजागरीसारखी मिटतात.

2011 च्या पावसाळ्यात माझ्या हातून हे झालं. निलगिरीचे ओंडके भरले होते. पावसात भिजलेली ओली लाकडं, वजनाचा अंदाज घेतला नव्हता. उताराला डिझेल वाचवायचं म्हणून मी गाडी न्यूट्रल केली. वेग वाढला, मी ब्रेक मारला, आणि ब्रेकचे दोन पेडल एकमेकांना जोडलेले नव्हते. शेतात वळताना एका बाजूचाच ब्रेक लागतो म्हणून ते सुटे असतात, पण रस्त्यावर येताना त्यांची खिट्टी लावायची असते. मी सकाळी नांगरून आलो होतो, खिट्टी लावायची राहिली. उजवं चाक अडकलं, डावं फिरत राहिलं. ट्रॉली नाल्यात गेली. ओंडक्यांवर बसलेल्या आमच्या गड्याचा पाय मोडला. सहा महिने तो घरी बसून होता. त्याला ओंडक्यांवर बसू दिलं, हीसुद्धा चूक माझीच.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, वर्कशॉपवाल्याकडं ट्रॉली सांगतानाच ब्रेक सांगा. तयार ट्रॉलीला नंतर बसवायला गेलं की काम वाढतं आणि मग ते होतच नाही. हिचची, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या जोडणीची पिन नीट बसणारी घ्या, तिच्या खाली आर-पार खिट्टी हवी आणि सोबत एक जाड साखळी. पिन तुटली तर ट्रॉली साखळीवर राहते. मागं लाल आणि बाजूला पिवळे रिफ्लेक्टर. ऊस वाहतुकीच्या दिवसांत आपल्या भागात अंधारात उभ्या ट्रॉल्यांना मागून धडकून किती घरं उघडी पडली, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

झाडाचं बुंध उपटायला ट्रॅक्टरचा वापर करणारे फार आहेत. बाभळीचं बुंध हालेना, तर दोर टॉप लिंकला, म्हणजे मागं अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याला, किंवा मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला बांधतात आणि गिअर टाकतात. बुंध हालत नाही, चाकं फिरू शकत नाहीत, मग ट्रॅक्टरच स्वतःच्या अ‍ॅक्सलभोवती पुढून उचलला जातो. दीड सेकंदात तो चालकावर येऊन पडतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ओढायचंच असेल तर ट्रॅक्टरमागच्या खालच्या ओढपट्टीला, ड्रॉबारलाच बांधा. त्यापेक्षा जेसीबीनं चारही बाजूंची मुळं मोकळी करा, एक तास जास्त जाईल, जाऊ द्या. खड्डे पाडायचं ऑगर वापरता, त्याला ट्रॅक्टरकडून फिरवणारा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा ओढणी त्यात गेली, की माणूस ओढला जातो. त्यावरचं कव्हर कधीच काढू नका.

जेसीबीबद्दल थोडं. जुना घेत असाल तर इंजिन गार असताना सुरू करायला सांगा. तुम्ही जाण्याआधीच तापवून ठेवलं असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. बकेट जमिनीला टेकवा, बूम डावी-उजवी हलवून बघा, सांध्यातल्या पिन आणि त्यांच्याभोवतीचे बुश झिजलेले असतील तर हालचाल हाताला कळते. मीटरवरच्या तासांपेक्षा पेडलवरचं रबर जास्त खरं बोलतं. आणि रोज सकाळी ग्रीस, न चुकता. एक गोष्ट पोरं विसरतात, रस्त्यानं जाण्याच्या तासांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. चाळीस किलोमीटर लांबचं काम चांगल्या दरानं मिळालं, तरी आधी डिझेलचा हिशोब करा.

झाडतोडीला 1964 चा कायदा आहे, शहरात 1975 चा. साग, आंबा, फणस, हिरडा, मोह, खैर ही झाडं मालकानं सांगितलं तरी परवानगीवाचून तोडू नका, आणि लाकूड हलवताना वाहतुकीचा पास सोबत ठेवा. कागद नसेल तर गाडी जप्त होते, आणि तिचा हप्ता मात्र चालूच राहतो. ट्रॅक्टर शेतीच्या नावावर आहे आणि भाड्यानं वाहतूक करतोय, असं असेल तर विमा कंपनीशी आधी बोला, अपघातानंतर नव्हे.

2012 साली मी नवी ट्रॉली बांधून घेतली, ब्रेकसकट. ज्याचा पाय मोडला, तो गडी अजून माझ्याकडंच आहे. रोज सकाळी तो पिन, खिट्टी, साखळी, टायर बघतो, पेडलची जोडणी हातानं ओढून बघतो. त्यानं हात वर केल्याशिवाय ट्रॅक्टर अंगणाबाहेर पडत नाही.