पाण्याखालची छाटणी

(पाण्याखालचा कॅमेरा. दुपारचं ऊन. हिरव्या काड्यांवरून बुडबुडे वर सुटतात. सुरुवातीला निवेदन नाही.)

भर उन्हात, बागेतल्या तळ्याच्या तळाशी हे असं चाललेलं असतं. या बुडबुड्यांत ऑक्सिजनचं प्रमाण आपल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त आहे. पाण्यात बुडूनच वाढणाऱ्या या झाडांच्या पानांनी तयार केलेला ऑक्सिजन आधी पाण्यात विरघळतो. पाणी घेईनासं झालं, की तो पानाच्या कडेला साचतो आणि सुटतो. म्हणजे वर येऊन फुटणारा प्रत्येक बुडबुडा तळ्याच्या हिशेबात वाया गेलेलाच. दिसायला देखणा आहे, म्हणून आम्ही तो भरपूर टिपला.

हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापत जातं तशी ही जागा आक्रसते आणि माशांची भूक मात्र वाढते.

१७७९ साली यान इंगेनहाउझ या डच वैद्याने झाडांची पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. बुडबुडे आले. अंधारात ठेवली, तेव्हा ते थांबले. हिरवा भाग आणि उजेड, दोन्ही असेल तरच हा वायू बनतो, हे त्याने दाखवलं. अंधारात तीच झाडं हवा बिघडवतात, हेही त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. तळं करणारे पहिली गोष्ट लगेच उचलतात. दुसरी तळ्यातले मासे त्यांना शिकवतात.

(सूक्ष्मदर्शकातलं दृश्य. पेशींमध्ये हिरवे ठिपके सरकताना.)

हे हायड्रिलाचं पान. जाडी अवघ्या दोन पेशींची, म्हणून प्रकाश आरपार जातो. पेशीच्या कडेने सरकणारे हिरवे ठिपके ही हरितलवकं, सगळं काम इथे होतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार या पानाला थेट शोषता येतात. काडीच्या आत हवेच्या पोकळ्या आहेत, त्यांच्या जोरावर ती पाण्यात ताठ उभी राहते. बाहेर काढली की हातात लोळागोळा.

ही दुसरी, सेराटोफायलम. मत्स्यालय पाळणारे हिला हॉर्नवर्ट म्हणतात. बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसते. हिला मुळंच नाहीत. माती नको, कुंडी नको. पाण्यात सोडली की झालं. नवशिक्याने हिच्यापासून सुरुवात करावी, असं आमचं मत.

आणि ही व्हॅलिस्नेरिया. हिच्यासाठी आम्ही कॅमेरा लावून बसलो होतो.

(पाण्याचा पृष्ठभाग, अगदी जवळून.)

नर आणि मादी झाडं वेगवेगळी. मादीफूल लांबलचक, दोऱ्याएवढ्या देठावर चढत पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथे पाण्याला किंचित खळगा पडतो. नरफुलं मात्र तळाशीच तयार होतात, जेमतेम मिलिमीटरभराची. ती झाडापासून तुटतात, वर येतात, पाण्यावर उमलतात आणि वाऱ्याबरोबर भरकटतात. त्यातली काही त्या खळग्याच्या उतारावरून घसरत मादीफुलाला टेकतात. परागण झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो आणि फळाला खाली ओढून नेतो. खरं सांगायचं, तर तळ्यात व्हॅलिस्नेरिया पसरते ती यामुळे नाही. ती पसरते मातीलगत सरकणाऱ्या फुटव्यांनी.

आता लागवड.

(हात, कुंडी, जुड्या.)

वीतभर लांबीचे निरोगी शेंडे घ्यायचे. ते आधी बादलीत चांगले खळबळून धुवायचे, कारण तंतुशेवाळाचा एक धागा किंवा गोगलगायीच्या अंड्यांचा एक चिकट पुंजका आला, तरी पुढचं वर्ष त्यात जातं. शक्य असेल तर काही दिवस वेगळ्या टबात ठेवून मगच तळ्यात. पाच-सहा शेंड्यांची एक जुडी, बुंध्याशी सैल बांधलेली. आवळून बांधली, तर काडी तिथेच कुजते.

कुंडी रुंद आणि उथळ. आत साधी, चिकणसर माती. शेणखत नको, कंपोस्ट नको, रासायनिक खत तर नकोच. बाग करणाऱ्याचा हात इथे सवयीने खताकडे जातो, तो आवरायचा. ते खत झाडाला मिळण्याआधी पाण्यात उतरतं आणि शेवाळाला पोसतं. जुडीचा खालचा भाग मातीत, वर बोटभर जाडीचा खडीचा थर, म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. मग कुंडी तिरकी धरून हळूहळू बुडवायची. आतली हवा निघू द्यायची. एकदम सोडली, तर सगळं उसळून वर येतं.

किती जुड्या? पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच ते दहा. खोली हात-दीड हात, आणि दिवसातून पाच-सहा तास ऊन.

(हिरवं झालेलं तळं.)

नव्या तळ्याचं असं होतंच. पाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेट या क्षारांवर सूक्ष्म शेवाळ तुटून पडतं आणि आठवड्याभरात तळ दिसेनासा होतो. घाबरून पाणी बदललं, की नव्या पाण्याबरोबर क्षारही नवे येतात आणि खेळ पहिल्यापासून. बाजारात यावर औषधं मिळतात. आमचा त्यांना विरोध आहे. औषधाने शेवाळ एका झटक्यात मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. त्यापेक्षा थांबा. झाडं रुजली, की तेच क्षार ती ओढून घेतात, शेवाळाची उपासमार होते. या झाडांचं ऑक्सिजनइतकंच, कदाचित त्याहून मोठं काम हे आहे, फक्त ते कॅमेऱ्यात दिसत नाही. मासे त्यानंतर सोडा, आणि थोडेच. ‘कोई’ हे रंगीत जपानी मासे असतील, तर ते झाडं उपटणार, हे धरूनच चाला.

(गच्च भरलेलं तळं. दाताळं पाण्यात जातं.)

एकदा रुजली, की मग ही थांबत नाहीत. पाण्याचा निम्मा भाग व्यापला, की हात घालायचा. बोथट दाताळं किंवा टोकाला दुबेळकं असलेली काठी पाण्यात फिरवायची, काड्या गुंडाळल्या जातात, मग सावकाश ओढायच्या. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त नाही. सगळं एकदम काढलं, तर मोकळे राहिलेले क्षार शेवाळाच्या पदरात पडतात. प्लास्टिकचं अस्तर असेल, तर दाताळ्याचे दात वरच्या वर ठेवा.

काढलेला ढीग काठावरच राहू द्यायचा, दिवसभर, पाण्याला अगदी लागून. का ते पाहा.

(ढिगाऱ्यातून चतुराची अळी पाण्याकडे सरकते. मग दुसरी. मग गोगलगाय. निवेदन नाही.)

जुन्या काड्यांवरचा हा पांढरा, खरखरीत लेप म्हणजे चुना. पाणी जड, म्हणजे चुन्याचे क्षार जास्त असलेलं असेल, तर झाडं दुपारी त्यातला कार्बन ओढून घेतात, पाणी अल्कधर्मी होतं आणि चुना पानावर बसतो. रोग नव्हे.

(पहाट. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडताना.)

हे गच्च भरलेल्या तळ्यातलं पहाटेचं दृश्य. रात्रभर झाडंही श्वास घेत राहिली, सूर्य उगवण्याआधी ऑक्सिजन सगळ्यात कमी. ढगाळ, कोंदट दिवसांनंतर हे जास्त होतं. लगेचचा उपाय एकच, पाणी उंचावरून पडतं ठेवायचं, कारंजं किंवा नळी. नंतरचा उपाय दाताळं.

काढलेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात. ओढ्यात, नदीत, तलावात एक तुकडाही नाही. तेवढ्यातून नवं झाड उभं राहतं. मत्स्यालयाच्या व्यापारातून १९५०च्या दशकात फ्लोरिडात पोचलेल्या हायड्रिलाने तिथली सरोवरं आणि कालवे भरून टाकले.

(पुन्हा हात, कुंडी.)

ढिगातले हिरवेगार शेंडे मात्र बाजूला काढून ठेवा. कुंडीतल्या जुन्या बुंध्यांवर पानं उरली नसतील, तर ते उपटा आणि हे शेंडे तिथे लावा. खडी तीच चालेल, धुऊन.